श्रावणात बसवलेला डॅम्पर

सुनंदा परब. हे नाव सगळ्यात आधी लिहून टाकतो, म्हणजे लेख लांबला आणि तेच राहून गेलं असं व्हायला नको. घाटकोपरला असल्फाच्या चढावर एका चाळीत त्या खानावळ चालवायच्या. मोटारसायकल त्यांनी कधी चालवली नाही, पाना कधी हातात धरला नाही. तरी मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात मी टिकलो, पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, मुलांना शिकवलं, या सगळ्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. सगळे त्यांना काकी म्हणत. मीही काकीच म्हणायचो.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचा. वडील बाजारात हमाली करायचे. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि पदार्थविज्ञान घेऊन बीएस्सी झालो तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. त्यांची कल्पना होती की आता पोरगा पंख्याखाली बसून सह्या करणार. मुंबईला मानखुर्दला मामाकडे येऊन मी बरेच अर्ज केले. उत्तरं येईपर्यंत मामावर भार नको म्हणून साकीनाक्याच्या एका गॅरेजात हिशेब लिहायला लागलो. हिशेब सकाळीच संपायचा. उरलेला दिवस मी गाड्यांकडे बघत उभा राहायचो. मालक डॉमनिकशेठ, मरोळ गावठाणातले. एक दिवस त्यांनी माझ्या हातात चिंधी दिली आणि म्हणाले, "ए बीएस्सी, नुसता बघतोस काय? पूस तरी." तिथून माझी खरी नोकरी सुरू झाली. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं.

परबकाकींची ओळख जेवणावरून झाली. गॅरेजातली दोघं-तिघं त्यांच्याकडे महिन्याचे जेवणारे होते, त्यांच्याबरोबर मीही गेलो. त्याआधी दोन खानावळींत मला आधी आडनाव विचारलं होतं आणि मग जागा नाही म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे मी दारातच घुटमळत होतो. काकींनी चुलीवरून मान न वळवता विचारलं, "काय रे झिला, मासे खातस मां?"

मी म्हणालो, "खातो, पण आमच्याकडे मिळत नाहीत फारसे."

"मगे बस. हंय मिळतत."

एवढीच चौकशी झाली. झील म्हणजे मुलगा, हे मला नंतर कळलं. मी बसलो.

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोटारसायकलचं हँडल कधीकधी चालता चालता डुगडुगायला लागतं. डावी-उजवीकडे, आधी हळू, मग जोरात, आणि धरून ठेवलं तर आणखीच. त्यावर एक उपाय म्हणजे स्टिअरिंग डॅम्पर. त्याचं काम एकच. हँडल सावकाश वळवलं तर वळू द्यायचं, पण झटके देऊ लागलं तर त्याला आवरायचं. झोपाळ्यावर बसलेला माणूस पाय जमिनीला घासत झोका कमी करतो ना, तसा तो हँडलचा पाय.

डॅम्पर दोन जातींचे. एक तेलाचा. छोट्या पंपासारखी नळी असते, तिच्यात तेल आणि दांडा. हा चांगला, पण त्या काळात तो परदेशातून यायचा आणि आमच्या गिऱ्हाइकांना त्याची नुसती किंमत विचारायचीही छाती नव्हती. दुसरा चापाचा. हँडलच्या मानेतून एक लांब बोल्ट खाली जातो. खाली लोखंडी चकती, तिच्या वर-खाली ब्रेकच्या अस्तरासारख्या फायबरच्या चकत्या, आणि वर हँडलच्या मधोमध एक गोल मूठ. मूठ आवळली की चकत्या दाबल्या जातात आणि हँडल जड होतं. सैल केली की हलकं. जुन्या जड गाड्यांना हा असायचा. कुर्ल्याच्या भंगारात मूठ मिळायची, फायबर आम्ही जुन्या अस्तरातून कापून काढायचो. गरिबाचा डॅम्पर.

पण डॉमनिकशेठ कोणालाही सरळ डॅम्पर बसवून देत नसत. त्यांचा नियम होता, "हँडल हलतंय म्हणून हँडलला बांधून ठेवू नको. त्याला कोण हलवतंय ते शोध." आधी पुढचं चाक उचलून मानेतला कोनसेट ढिला आहे का बघायचा, म्हणजे हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं त्या. मग चाकाचे आरे, टायरची हवा, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश. दहापैकी नऊ गाड्यांचं दुखणं तिथेच सापडायचं.

बोरिवलीचा एक तरुण यायचा. केस मानेपर्यंत, गळ्यात रुमाल. त्याचं हँडल हायवेवर थरथरायचं. आम्ही कोनसेट आवळला, थरथर गेली. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण ती मूठ पाहिजे मला."

"कशाला? आता हलत नाही ना?"

"हलत नाही शेठ, पण माझ्या मित्राच्या गाडीला आहे. झकास दिसते."

डॉमनिकशेठनी त्याला भंगारातली एक मूठ नुसतीच वर बसवून दिली. खाली काहीच नव्हतं. तो ती ऐटीत फिरवत निघून गेला, आणि पुढच्या महिन्यात येऊन सांगून गेला की गाडी आता एकदम सुधारली आहे.

मुलुंडचे एक वकीलसाहेब तर आणखी भारी. त्यांना वाटलं ही मूठ म्हणजे चोरापासून गाडी वाचवायचं कुलूप. घरी गेले की दोन्ही हातांनी आवळून ठेवायचे. एका सकाळी सैल करायला विसरले. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले, डावीकडे वळायला गेले, हँडल वळेना, आणि सरळ समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलावर जाऊन थांबले. लागलं काही नाही. पण इस्त्रीवाल्याने त्यांचाच कोट इस्त्री करायला घेतला होता, तो खाली चिखलात पडला. साहेब आम्हाला नोटीस द्यायला आले होते. डॉमनिकशेठनी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, गाडी चोरीला गेली का?" ते म्हणाले, "नाही." "मग कुलूप चांगलं आहे की." साहेब हसले आणि नोटीस तिथेच संपली.

तर परबकाकांची गाडी. काका पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरात बसून राहिले, बोलेनासे झाले. काकींनीच खानावळ वाढवायची ठरवली आणि नात्यातल्या कोणाकडून एक जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेतली. डाव्या बाजूला साइडकार, म्हणजे जोडलेली एका चाकाची बैठक. बैठक काढून काकांनी तिथे लाकडी खोकं बसवलं. त्यात जेवण भरायचं आणि असल्फावरून साकीनाक्याच्या एका कारखान्यात न्यायचं. कारखान्याचं दुपारचं जेवण त्यांना मिळालं तेव्हा काकांचा आवाज परत आला. रस्त्यात ते भोंगा वाजवत आणि ओळखीच्यांना हात करत जायचे.

आषाढ सरत आला तेव्हा ते गॅरेजात आले. गाडी उभी केली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"हँडलाच्या अंगात येता रे. गियर दुसऱ्यातसून तिसऱ्यात टाकलंय की घुमाक लागता. काल नाक्यार पडाचोच होतंय. अर्धा कालवण खोक्यात."

कारखान्याच्या फोरमनने बजावलं होतं, जेवण असंच अर्धं सांडून येणार असेल तर दुसऱ्याला देऊ. आणि कारखाना गेला तर उरलेल्या चार-पाच जेवणाऱ्यांवर खानावळ चालणार नव्हती. काका गावी जायची भाषा बोलू लागले होते. देवगडकडे त्यांचं घर होतं, पण त्या घरात पोट भरायचं साधन नव्हतं. मुलगी दहावीला होती. तिची शाळा, काकींची चूल आणि काकांचा भोंगा, सगळं त्या हँडलला लटकलं होतं.

डॉमनिकशेठनी गाडी तपासली. कोनसेट ठीक, चाकं ठीक, साइडकारचे सांधे ठीक. मग मला म्हणाले, "साइडकारवाली गाडी मधल्या वेगाला डोलतेच. तिला डॅम्पर लागतो. ही गाडी तुझी. तूच निवड, तूच बसव."

ही माझ्या हाती पूर्ण सोपवलेली पहिली गाडी. मी मन लावून काम केलं. तेलाचा डॅम्पर परवडणार नव्हता. रिक्षाचा धक्के झेलणारा जुना शॉकअप कापून लावायचा विचार मनात आला होता, पण तो ओढताना जड आणि दाबताना हलका असतो. लावला असता तर गाडी एका बाजूला लोण्यासारखी वळली असती आणि दुसऱ्या बाजूला दगडासारखी. म्हणून चापाचाच ठरवला. कुर्ल्याला जाऊन मूठ आणि चांदणीच्या आकाराची स्प्रिंग आणली. बोल्ट लेथवर करून घेतला. खालची चकती हँडलबरोबर फिरू नये म्हणून तिला अडवणारा कान चॅसीला वेल्डिंग करून घेतला. फायबर कापलं, आणि त्याला ग्रीसचा हातही लागू दिला नाही, कारण तिथे ओलसरपणा आला की चाप गेला. मग चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, केबली ओढल्या जात नाहीत ना ते पाहिलं. खोक्यात जेवणाच्या वजनाचं भंगार लोखंड भरलं आणि डॉमनिकशेठ चक्कर मारून आले.

"एकदम शांत," ते म्हणाले. "बीएस्सी पास."

तोपर्यंत श्रावण लागला होता. काका रोज गाडी नेत होते आणि गाडी खरोखर शांत होती. नारळीपौर्णिमेला काकींनी गॅरेजात नारळीभाताचा डबा पाठवला. काका नाक्यावर लोकांना थांबवून मूठ दाखवायचे, "पदवीवाल्यान बसवलेली असा." मी वडिलांना पत्र लिहिलं की माझं काम लोक नावाजतात. पंख्याचा उल्लेख टाळला. मग गणपती आले. कारखान्याला सुट्टी, परब मंडळी गावी. परत आली ती माझ्यासाठी खाजा घेऊन.

त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी काका गाडी ढकलत गॅरेजात आले. शर्टावर कोपरापर्यंत लाल डाग. मला आधी रक्त वाटलं. ते बांगड्याचं कालवण होतं.

"परत इला अंगात," काका म्हणाले. "पयल्यापेक्षा जास्त."

डॉमनिकशेठनी मूठ तपासली, चकत्या उघडल्या. सगळं जागच्या जागी. मी मूठ आणखी आवळून दिली. सोमवारी काका म्हणाले, आता ठीक आहे. बुधवारी पुन्हा सांडलं, वर हँडल इतकं जड की वळणावर गाडी फूटपाथला घासली. गुरुवारी पुन्हा ठीक, शुक्रवारी पुन्हा सांडलं. माझी झोप उडाली. गाडी वार बघून बिघडते हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. गॅरेजातले लोक म्हणू लागले की नारळ फोडा. फोरमनने सांगून टाकलं, पुढच्या शुक्रवारी शेवटचं बघतो.

काका वैतागले. माझ्यासमोरच काकींना म्हणाले, "अंधेरीक दुसरो मिस्त्री असा. तेच्याकडे नेतंय. पोराक काय कळता?"

मी मान खाली घातली. काकांचं चुकत नव्हतं. मामाच्या घरी त्याच आठवड्यात एका कचेरीतून कारकुनाच्या मुलाखतीचं बोलावणं येऊन पडलं होतं. मनात म्हटलं, हेच बरं, कागद निदान डोलत नाहीत.

काकी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरो कित्याक? ज्येणी बसवल्यान, तोच बघतलो." मग माझ्याकडे वळल्या. "तू रे. तू गाडी गॅरेजात बघतस. गाडी बिघडता रस्त्यार. उद्या खोक्यात बस, टोप मांडयेर घे, मगे तुका कळात."

"उद्या शनवार गो. उसळ असता मां?" काकांनी विचारलं.

"मगे बुधवारी बसांदे. बुधवारी मासे."

बुधवार, शुक्रवार. मासे. माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण नीट कळलं नाही. कळायला कालवणात भिजावं लागलं.

बुधवारी मी त्या लाकडी खोक्यात मांडी घालून बसलो. समोर भाताचं पातेलं, आणि मांड्यांच्या मध्ये कालवणाचा उंच टोप, वर झाकण फडक्याने बांधलेलं. काका गंभीर चेहऱ्याने गाडी चालवत होते. चाळीतल्या बायका हसत होत्या. एकीने ओरडून विचारलं, "काकानू, आज नवरदेव पोचवताय की काय?" उतारावर सगळं ठीक. सपाटीला लागलो, काकांनी तिसरा टाकला, आणि मला मांडीवर पहिला धक्का जाणवला. हँडलकडून नाही, टोपाकडून. आत कालवण डावीकडे गेलं, टोपाला धडकलं, परत उजवीकडे आलं. गाडी थोडी डोलली. त्या डोलण्याने कालवणाला पुढचा धक्का दिला, कालवणाने गाडीला. दोघांनी एकमेकांना झोका द्यावा तसं. मग हँडलच्या अंगात आलं.

"काका, थांबवा! थांबवा!" मी ओरडलो.

"थांबवतंय रे मेल्या, माका थांबूक खय देता?"

गाडी थांबेपर्यंत फडकं सुटलं होतं आणि माझ्या मांडीवर, पोटावर, दाढीवर सगळीकडे बांगडे होते. काका हँडल सोडून माझ्याकडे बघत राहिले. मी हसत होतो. त्यांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

"काका, श्रावण!" मी म्हणालो. "आपण डॅम्पर श्रावणात बसवला!"

ते सगळं असं होतं. सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी जेवण. त्यात चपात्या, सुकी भाजी, घट्ट उसळ, म्हणजे न हलणारं वजन. मंगळवारी वरण असायचं, पण छोट्या डब्यांतून. बुधवार-शुक्रवारी मासे, आणि मासे म्हणजे भात, आणि भात म्हणजे उंच टोपभर पातळ कालवण. श्रावणात तर महिनाभर टोप बाहेर निघालाच नाही. आणि आम्ही परीक्षा घेतली ती लोखंड भरून. वजन बरोबर होतं, पण लोखंड डुचमळत नाही. कोकणातल्या घराचा जेवणाचा वार हा गाडीचा भाग आहे, हे ना मरोळच्या शेठच्या लक्षात आलं, ना मेहकरच्या बीएस्सीच्या, ना खुद्द मालवणी काकांच्या. काका म्हणाले, "आमका वाटला, जेवाण काय, वजन ता वजन."

आता शुक्रवार तेवढा हातात होता. मूठ आवळून हे सुटणार नव्हतं, कारण माशाच्या दिवसाला पुरेल इतकी आवळली की हँडल वळायला जड. कालवणालाच आवरायला हवं होतं. कॉलेजात आम्ही लंबक तेलात बुडवून त्याचा झोका कमी होताना मोजला होता. पण त्या क्षणी मला ते आठवलं नाही. आठवली ती आई. उन्हाळ्यात ती लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची, आणि घागरीच्या तोंडाशी पाण्यावर निंबाची डहाळी टाकायची. लहानपणी मी विचारलं होतं, ही कशाला? ती म्हणाली होती, "पाण्याला खेळायला दिलं की ते उड्या मारत नाही."

कालवणात निंब टाकता येणार नव्हता. मी काकींना म्हणालो, "टोपाच्या तोंडापेक्षा थोडी लहान अशी लाकडाची चकती कालवणावर तरंगत ठेवू."

"माज्या कालवणात लाकूड? लोक काय म्हणतले?"

"काकी, लाकूड चांगलं पाहिजे. वास नसलेलं."

त्या उठल्या. मग ज्या पाटावर बसून स्वयंपाक करायच्या तो फणसाचा पाट त्यांनी उचलून माझ्यापुढे ठेवला. गावाहून आणलेला, बसून बसून गुळगुळीत झालेला. "घे. फणसाक वास येना नाय. बसूक दुसरो गावतलो."

तो मी सावकाश कापला. साकीनाक्याच्या लेथवाल्याने चकती गोल करून दिली, मी कडेला भोकं पाडली, म्हणजे कालवण वर-खाली होताना त्यांतून रेटून जावं आणि त्याचा जोर मरावा. काकींनी ती रात्रभर पाण्यात ठेवली, उकळली, चिंचेने घासली. आणि मी मुठीवर दोन खुणा केल्या. हिरवी खूण भाजीच्या दिवसासाठी, लाल खूण माशाच्या दिवसासाठी, थोडीशीच जास्त आवळलेली. काकांना पाठ करायला लागलं नाही. ताटात काय आहे ते त्यांना पाठच होतं.

शुक्रवारी मी पुन्हा खोक्यात बसलो. या वेळी चाळीतल्या बायका हसल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. काकीही पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या, हात पदराला पुसत. काकांनी मूठ लालवर आणली. उतार, सपाटी, दुसरा, तिसरा. मांडीवर टोप होता. कालवण आत हललं, चकतीला लागलं, परत हललं, आणि गप्प झालं. हँडल सरळ. साकीनाक्याला वळताना काकांनी भोंगा वाजवला. समोर कोणीच नव्हतं.

कारखान्यात फोरमनने स्वतः झाकण उघडलं. टोप काठापर्यंत भरलेला. त्याने पळी घातली तर टक्क आवाज झाला.

"हे काय? मासा की फळी?"

काका ताठ उभे राहून म्हणाले, "ती आमची पहारेकरीण असा साहेब. तिका खाव नको, बाजूक ठेव."

सगळे हसले. फोरमनही हसला. जेवण पुरलं, उरलं. कारखाना परबांकडेच राहिला.

मुलाखतीला मी गेलो नाही. वडिलांना ते कळवलं तेव्हा त्यांचं बरेच दिवस उत्तर आलं नाही. पुढे ते मुंबईला आले, काकींकडे जेवले, काकांनी त्यांना साइडकारमधून फिरवून आणलं, आणि परत जाताना स्टेशनवर ते मला म्हणाले, "पंखा नाही, पण वारा बरा लागतो." एक मात्र राहून गेलं. ती चकती आईला दाखवायची होती. आई त्याआधीच वारली.

पुढे मी दहिसरला स्वतःचं गॅरेज काढलं. डॉमनिकशेठनी उद्घाटनाला येऊन मला सर्वांसमोर बीएस्सी म्हणूनच हाक मारली. आता डॅम्पर डबीत मिळतात, मुलं ते घेऊन येतात आणि लावून मागतात. मी अजून विचारतो, गाडीवर काय नेता, कोणाला नेता, कोणत्या वारी? ती एकमेकांकडे बघतात. माझ्या गॅरेजात काम शिकलेले मात्र विचारतात, याचं मला समाधान आहे.

दशक संपत आलं तेव्हा परबांची मुलगी शिकून नोकरीला लागली. काकांचे गुडघे दुखायला लागले होते, आणि दोघं आपल्या इच्छेने गावी गेली. गाडी त्यांनी मला दिली. मला पत्र आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची शाळेपासून सवय आहे, म्हणून त्यांना पाठवलेल्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे राहिला. तोच इथे देतो.

ती. काकींस,

सविनय जयभीम. तुम्ही आणि काका सुखरूप पोचलात हे तुमच्या लेकीने सांगितलं. काकांनी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवावं, मध्ये स्वतःचं काही घालू नये.

गाडी मी रोज पुसतो. खोकं काढून पुन्हा बैठक बसवा असं सगळे सांगतात. मी खोकं ठेवलं आहे. परवा त्यात बायकोला आणि धाकट्या मुलाला बसवून फिरवलं. ती म्हणाली, अजून बांगड्याचा वास येतो. मी म्हणालो, येऊ दे.

चकती तुम्ही नेलीत ते बरं केलं. ती तुमच्या पाटाची आहे. टोपात नसेल तेव्हा तिच्यावर तांब्या ठेवा, पण टाकू नका.

काकी, मुंबईत आल्यावर पुष्कळ लोकांनी मला पुष्कळ गोष्टी विचारल्या. नाव, आडनाव, गाव, शिक्षण, अनुभव. तुम्ही फक्त मासे खातोस ना एवढं विचारलंत आणि बस म्हणालात. आणि माझं काम बिघडलं तेव्हा दुसरा मिस्त्री आणू दिला नाहीत. मला कालवणात बसवलंत. त्या दिवशी तुम्ही मला जाऊ दिलं असतं, तर आज मी कुठल्यातरी कचेरीत असतो, आणि आपल्याला काही येतं हे मला कधीच कळलं नसतं. हे तोंडावर सांगायचं होतं, पण तुम्ही तेव्हा डबे बांधत होता.

मुठीवरच्या दोन्ही खुणा तशाच आहेत. रंग उडाला होता, तो मी पुन्हा भरला. आता खोक्यात टोप नसतो. तरी गुरुवारी गाडी काढली की मूठ हिरव्यावर असते, आणि आज शुक्रवार आहे, म्हणून मी ती लालवर आणली आहे.

काकांना नमस्कार.

तुमचा झील,
बीएस्सी